स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज: १७ हजार वस्तीच्या शहराचा आइस हॉकी संघ टिकतो कसा

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात ट्रान्स-कॅनडा महामार्गावर स्विफ्ट करंट नावाचं शहर आहे. चहूकडे गहू, मसूर आणि गुरांचे गोठे, मधूनमधून तेलाच्या विहिरी. वस्ती साधारण १७ हजार, म्हणजे आपल्याकडे जिथे नगरपंचायत असते तेवढी. या शहराचा ‘ब्रॉन्कोज’ हा संघ वेस्टर्न हॉकी लीगमध्ये खेळतो. व्हँकूव्हर, कॅल्गरी, एडमंटन, सिएटल, पोर्टलंड या महानगरांचे संघ त्याच लीगमध्ये आहेत. ब्रॉन्कोजनी ही लीग १९८९, १९९३ आणि २०१८ अशी तीनदा जिंकली आहे आणि १९८९ मध्ये तर देशातलं अजिंक्यपदही मिळवलं.

एवढ्याशा गावाला हे जमतं, कारण संघ कुणा धनाढ्य माणसाचा नाही, गावाचा आहे. पुढचा सगळा इतिहास, त्यातलं वैभव आणि त्यातली भयंकर चूकही, या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी थोडं ‘ज्युनियर’ हॉकीबद्दल

आइस हॉकी म्हटलं की लोकांना एनएचएल आठवते. ती व्यावसायिक लीग. तिच्याखाली, साधारण १६ ते २० वर्षांच्या मुलांसाठी कॅनडात ‘मेजर ज्युनियर’ हॉकी आहे आणि एनएचएलमधले खेळाडू मोठ्या संख्येने तिथूनच येतात. मेजर ज्युनियरच्या तीन लीग आहेत: पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल, ओंटारिओची ओएचएल आणि पूर्वेकडची क्यूएमजेएचएल. तिन्ही मिळून साठेक संघ. तिन्ही लीगचे विजेते आणि एक यजमान संघ असे चौघे मोसमाच्या शेवटी मेमोरियल कपसाठी खेळतात. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये हा करंडक सुरू झाला.

या मुलांना व्यावसायिक खेळाडूंसारखा पगार नसतो. हातखर्चाला थोडे पैसे, राहण्या-जेवणाची सोय, साहित्य आणि शिष्यवृत्ती एवढं मिळतं. डब्ल्यूएचएलमध्ये जितके मोसम खेळाल तितकी वर्षं कॉलेजची फी, पुस्तकं आणि सक्तीचे शुल्क भरलं जातं. मोठा व्यावसायिक करार झाला तर साधारणपणे हा हक्क संपतो.

खेळ असा: बर्फाचं मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. २० मिनिटांचे तीन भाग. पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची टणक रबरी चकती. जोर इतका लागतो की खेळाडू पाऊण-एक मिनिटात दमतो आणि चालू खेळातच बदलला जातो. म्हणून बाकावर आक्रमकांच्या चार आणि बचावपटूंच्या तीन फळ्या लागतात. संघाची ‘डेप्थ’ म्हणतात ती हीच: पहिली फळी चांगली असून भागत नाही, चौथीही तग धरणारी हवी.

पहिला डाव: १९६७ ते १९७४

१९६७ हे कॅनडाचं शताब्दी वर्ष. त्या वर्षी स्विफ्ट करंटमध्ये शताब्दीच्या नावाने सिव्हिक सेंटर, म्हणजे बर्फाच्या मैदानाची (रिंकची) इमारत, उभं राहिलं आणि नव्याने सुरू झालेल्या पश्चिमेच्या लीगमध्ये ब्रॉन्कोज दाखल झाले. आज त्या इमारतीला इनोव्हेशनप्लेक्स म्हणतात, इनोव्हेशन क्रेडिट युनियनच्या नावावरून. क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांची पतसंस्था. सस्कॅचवानमध्ये सहकाराची परंपरा जुनी आहे, आणि तिथल्या हॉकीवर तिची छाप का दिसते हे यावरून कळतं. रिंकमध्ये तीनेक हजार माणसं मावतात. सामना भरला तर गावातला पाच-सहा माणसांतला एक जण तिथे असतो.

पहिल्या सात वर्षांत इथे घडलेली दोन नावं मोठी झाली. ब्रायन ट्रॉटिए हा वॅल मरी या दक्षिणेकडच्या खेड्यातला मुलगा. सुरुवातीला घरच्या आठवणीने खेळ सोडून परत निघाला होता. संघातल्याच डेव्ह ‘टायगर’ विल्यम्सने त्याला थांबवून घेतलं. ट्रॉटिएने पुढे खेळाडू म्हणून सहा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची अजिंक्यपदं, जिंकले, आणि विल्यम्स एनएचएलच्या इतिहासात सर्वाधिक, जवळपास चार हजार, पेनल्टी मिनिटं (नियम मोडल्याच्या शिक्षेची मिनिटं) घेणारा खेळाडू ठरला.

खेळाडू असे असूनही १९७४ मध्ये संघ गेला, अल्बर्टातल्या लेथब्रिजला. ते शहर कितीतरी मोठं होतं आणि १९७५ च्या कॅनडा हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी तिथे नवीन, सुमारे पाच हजार आसनांचं स्पोर्ट्सप्लेक्स तयार झालं होतं. छोट्या शहरांचे संघ वर्षानुवर्षं याच कारणाने उठून जात आले आहेत, म्हणून त्यामागचं गणित नीट पाहायला हवं.

संघाचं उत्पन्न येतं मोसमी पास, रोजची तिकिटं, रिंकच्या कठड्यावरच्या जाहिराती, स्थानिक प्रायोजक, खाण्यापिण्याचे स्टॉल आणि फिफ्टी-फिफ्टी नावाची सोडत यांतून. सोडतीत जमलेल्या पैशांतला अर्धा वाटा विजेत्याला, अर्धा संस्थेला. खर्चात बस, डिझेल, हॉटेल, जेवण, स्टिक आणि स्केट, रिंकचं भाडं, प्रशिक्षकांचे पगार, शिष्यवृत्तीची तरतूद. मेख अशी की खर्चाचा आकडा शहराची लोकसंख्या बघत नाही. कॅल्गरीच्या संघाला बस जेवढ्याला पडते तेवढ्यालाच स्विफ्ट करंटला पडते. उत्पन्नाला मात्र रिंकच्या आसनांचं छत असतं. साखळीतल्या सामन्यांवर खर्च कसाबसा निघतो, आणि खरा दिलासा बाद फेरीतल्या घरच्या सामन्यांचा, कारण तोवर बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो. एखादी जादा घरची लढत मिळाली की वर्षाचा ताळेबंद बदलतो. सलग दोन-तीन मोसम बाद फेरी हुकली की घरघर लागते. मालक एकच व्यक्ती असेल तर तिला मोठ्या रिंकचं शहर खुणावणारच.

मधल्या काळात गावात हॉकी बंद पडली नाही. एक पायरी खालच्या, प्रांतापुरत्या ज्युनियर लीगमध्ये गावाचा संघ खेळत राहिला. म्हणून प्रेक्षक टिकले, रिंकचा कर्मचारीवर्ग टिकला, आणि पुढे कामी येणारे खेळाडूही तिथेच वाढले.

परत आणलेला संघ

१९८६ मध्ये जॉन रिटिंगर यांच्या पुढाकाराने स्थानिक मंडळींनी पैसा उभा करून लेथब्रिजचा संघ विकत घेतला आणि स्विफ्ट करंटला परत आणला. आज डब्ल्यूएचएलमध्ये चार संघ समाजाच्या मालकीचे आहेत: स्विफ्ट करंट, मूस जॉ, प्रिन्स अल्बर्ट आणि लेथब्रिज. (ब्रॉन्कोज गेल्यावर लेथब्रिजला १९८७ मध्ये कॅल्गरीचा संघ आला, तोच हा.) अशा संघात नफा कुणाच्या खिशात जात नाही. संचालक मंडळ असतं, वार्षिक सभा होते आणि वर्षाचा नफा-तोटा लोकांसमोर मांडावा लागतो. खाजगी मालकीच्या संघाचा तोटा बाहेर कळत नाही. इथे तो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात असतो.

याचा फायदा असा की संघ हलवायचा निर्णय एका माणसाच्या हातात राहत नाही. तोटा असा की वाईट वर्षात खिशातून पैसे ओतणारा कुणी नसतो. मोसमी पास विकायला स्वयंसेवक दारोदार जातात आणि उरलेलं भोजन-मेळावे, लिलाव यांतून उभं करावं लागतं.

खेळाडूंच्या राहण्याची सोयही गावच करतं. सोळा-सतरा वर्षांची मुलं शेकडो किलोमीटरवरून येतात आणि ‘बिलेट’ कुटुंबात राहतात. कुटुंबाने स्वतंत्र खोली, जेवण आणि घरातल्या मुलासारखी शिस्त द्यायची. संघ दरमहा ठरावीक रक्कम देतो. ती रक्कम वाणसामानालाही जेमतेम पुरते, कारण दिवसातून दोनदा कसून सराव करणारं वाढत्या वयाचं पोर किती खातं याचा अंदाज नवख्या कुटुंबाला नसतो. बिघाड होतो तो बहुधा पहिल्या सहा-आठ आठवड्यांत: घरची ओढ, शाळेत मागे पडणं, रात्री परतायच्या वेळेवरून वाद. म्हणून संघात बिलेट समन्वयक हे वेगळं काम असतं. घरातल्या प्रौढांची पोलिसांकडून पार्श्वभूमी तपासणी होते, आणि जमलं नाही तर मुलाला दुसऱ्या घरी हलवलं जातं. हलवायला उशीर झाला की मूल गप्प होतं आणि खेळही बिघडतो.

३० डिसेंबर १९८६

परतल्यावरच्या पहिल्याच मोसमात, ३० डिसेंबर १९८६ ला, संघ सामन्यासाठी रेजायनाला निघाला. अंतर सुमारे २४५ किलोमीटर, पूर्वेकडे, सरळ महामार्ग. हवा गारठलेली, रस्त्यावर ब्लॅक आइस. हा बर्फ पांढरा दिसत नाही. गोठणबिंदूच्या आसपास पडलेला पाऊस किंवा वितळलेलं पाणी डांबरावर अगदी पातळ, पारदर्शक थरात गोठतं आणि खालचं काळं डांबर तसंच दिसत राहतं. चालकाला रस्ता ओला वाटतो. पूल आणि उड्डाणपुलांवर तो आधी धरतो, कारण तिथे थंडी वरून आणि खालून दोन्हीकडून लागते. अशा थरावर ब्रेक दाबला की चाकं थांबतात, गाडी थांबत नाही. भरीला कडेचा वारा असेल तर उंच बसची मोठी बाजू शिडासारखी वारा धरते.

शहराबाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर बस घसरली, रस्ता सोडून बाजूच्या भरावावर आदळली आणि आडवी झाली. मागच्या बाजूला पत्ते खेळत बसलेले चौघे गेले: ट्रेंट क्रेसी, २० वर्षांचा, स्कॉट क्रूगर आणि ख्रिस मँटिका, दोघेही १९ चे, आणि ब्रेंट रफ, अवघा १६ वर्षांचा. १७ वर्षांचा जो सॅकिक त्याच बसमध्ये होता. तो वाचला, पुढच्या मोसमात त्याने १६० गुण केले आणि पुढे कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचचा कर्णधार म्हणून दोनदा स्टॅन्ली कप उंचावला. (हॉकीत एक गोल किंवा गोलला दिलेली एक मदत म्हणजे एक गुण.)

खेळाडूंनी मोसम पुढे चालू ठेवायचं ठरवलं आणि त्या वर्षी बाद फेरीही गाठली. गणवेशावर चार पानांच्या क्लोव्हरचं चिन्ह आलं, प्रत्येक पानावर एका मुलाचा क्रमांक: ८, ९, ११ आणि २२. डब्ल्यूएचएलच्या सर्वोत्तम खेळाडूच्या करंडकाला ‘फोर ब्रॉन्कोज मेमोरियल ट्रॉफी’ हे नाव दिलं गेलं. १९८८ मध्ये ती सॅकिकलाच मिळाली.

बसच्या सुरक्षेचा धडा मात्र फार उशिरा गिरवला गेला. ६ एप्रिल २०१८ ला याच प्रांतातल्या हम्बोल्ट ब्रॉन्कोज या दुसऱ्या संघाच्या बसची ट्रकशी धडक झाली, १६ जण मरण पावले आणि १३ जखमी झाले. नव्या महामार्ग बसमध्ये प्रत्येक आसनाला पट्टा असण्याची सक्ती कॅनडात १ सप्टेंबर २०२० पासून लागू झाली. पट्टा लावायची सवय लावणं हे अजूनही संघांचंच काम आहे. बस आडवी झाली की सर्वात जास्त धोका आसनावरून किंवा खिडकीतून फेकलं जाण्याचा, आणि रात्रीच्या लांब प्रवासात मुलं पट्टा सोडून आडवी होतात. पट्टा बसमध्ये असून उपयोग नाही, तो लावलेला हवा.

१९८९: पॉवर प्लेचा संघ

अपघातानंतर अडीच वर्षांनी याच गावाने कॅनडाचं अजिंक्यपद जिंकलं. १९८८–८९ च्या ७२ साखळी सामन्यांत ५५ विजय, १६ पराभव, एक बरोबरी. बाद फेरीत १२ पैकी १२ सामने जिंकले, एकही न हरता. त्या संघाचं खरं बळ पॉवर प्लेमध्ये होतं, म्हणून तो नीट समजून घेऊ.

प्रतिस्पर्ध्याने नियम मोडला, समजा स्टिकने पाय अडकवला किंवा पाठीमागून ढकललं, तर दोषी खेळाडू दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसतो आणि त्याचा संघ चौघांनिशी खेळतो. पाच विरुद्ध चार. साध्या पेनल्टीत गोल झाला की शिक्षा संपते. या दोन मिनिटांत बचाव करणारे चौघे गोलपुढे चौकोन धरतात. हल्ला करणाऱ्यांना पक फिरवत ठेवून तो चौकोन ताणायचा असतो. दोन जण हल्ल्याच्या भागाची हद्द असलेल्या निळ्या रेषेजवळ मागे, दोन बाजूंना, आणि एक अगदी गोलरक्षकाच्या नाकासमोर. मागून कुणीतरी खालून, बर्फाला धरून फटका मारतो. समोरचा खेळाडू गोलरक्षकाची नजर अडवतो आणि जाता जाता स्टिकने पकला किंचित दिशा देतो. गोलरक्षक फटक्याच्या दिशेने सरकलेला असतो आणि पक दुसरीकडून आत जातो.

अशा वेळी सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे घाई. सगळे जण चेंडूमागे धावणाऱ्या लहान मुलांसारखे पकभोवती गोळा होतात आणि चौकोन ताणलाच जात नाही. दुसरी चूक, मागून उंच फटका: तो बचावपटूच्या अंगावर आदळतो आणि उलट प्रतिहल्ला सुरू होतो. ब्रॉन्कोजकडे मागे डॅन लँबर्टसारखा, पास आणि फटका यांतलं योग्य ते निवडणारा बचावपटू होता. त्या मोसमात त्यांनी पॉवर प्लेवर १८० गोल केले, म्हणजे सरासरी प्रत्येक सामन्यात अडीच. प्रतिस्पर्ध्यांना त्यांच्याविरुद्ध दांडगाई परवडेनाशी झाली.

मेमोरियल कपचा अंतिम सामना सास्कटूनमध्ये, यजमान सास्कटून ब्लेड्सविरुद्ध, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर झाला. ३–३ बरोबरीनंतर ज्यादा वेळेत डॅरेन क्रूगरने मागून मारलेल्या फटक्याला टिम टिस्डेलने दिशा दिली आणि सामना ४–३ असा संपला. गोलरक्षक होता ट्रेव्हर क्रूगर. डॅरेन आणि ट्रेव्हर हे दोघे स्कॉट क्रूगरचे भाऊ. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला डॅन लँबर्ट. तो, बॉब विल्की आणि शेल्डन केनेडी अपघाताच्या वेळी बसमध्ये होते.

ज्या गोष्टीवर गाव गप्प राहिलं

त्या संघाचे प्रशिक्षक आणि सर्वेसर्वा होते ग्रॅहम जेम्स. अजिंक्यपदामुळे त्यांचं देशभर कौतुक झालं. १९९६ मध्ये शेल्डन केनेडीने पुढे येऊन सांगितलं की याच माणसाने वर्षानुवर्षं आपलं लैंगिक शोषण केलं. २ जानेवारी १९९७ ला जेम्सला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे आणखी खेळाडूंच्या तक्रारींवरून २०१२ आणि २०१५ मध्ये त्याला पुन्हा शिक्षा झाली. मधल्या काळात त्याला सरकारकडून गुन्ह्याची माफी मिळाल्याचं उघड झालं तेव्हा देशात संताप उसळला आणि माफीचे कायदे बदलावे लागले.

हे इतकी वर्षं चाललं कसं, हे संघ चालवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. ज्युनियर हॉकीत प्रशिक्षकाच्या हातात सगळं असतं: कोण खेळेल, कोण बाकावर बसेल, कुणाला ट्रेड करून, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या संघाला देऊन, हजार किलोमीटर दूर पाठवायचं. मुलगा १६ वर्षांचा, आईवडील दुसऱ्या गावी, एनएचएलमध्ये जायचा रस्ता या एका माणसाच्या शब्दावर. प्रशिक्षकाच्या घरी एकट्याने जाणं ही सरावाइतकी नेहमीची गोष्ट झाली होती. त्यात संघ जिंकत होता आणि अपघातातून उभं राहिलेल्या गावाला तो विजय हवा होता. अपघातानंतर मुलांना समुपदेशन मिळालं नाही. बाहेरची मदत जेम्सने नको म्हटली, असं नंतर खेळाडूंनीच सांगितलं. बाहेरचं कुणी मुलांशी एकांतात बोललं असतं तर बरंच काही उघड झालं असतं.

गावाच्या मालकीचा संघ म्हणजे आपोआप सुरक्षित संघ नव्हे, हे इथे सिद्ध झालं. सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे प्रश्न विचारणं जास्त अवघड जातं. आजचे नियम यातूनच आले. केनेडीच्या सहभागाने २००४ मध्ये उभ्या राहिलेल्या रिस्पेक्ट ग्रुपचं ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ हे प्रशिक्षण आता कॅनडाच्या हॉकीत सर्वदूर आहे. ‘दोघांचा नियम’ सांगतो की अल्पवयीन खेळाडूबरोबर एकटा प्रौढ कधीच नको: दोन प्रशिक्षित, पार्श्वभूमी तपासलेली माणसं हवीत, आणि संभाषण इतरांना दिसेल-ऐकू येईल अशा जागी. मेसेजही एकट्या मुलाला नाही, गटावर किंवा पालकाला सोबत घेऊन. हा नियम मोडतो तो बहुधा छोट्या गोष्टींत: सरावानंतर घरी सोडणं, बाहेरगावी हॉटेलच्या खोलीत चर्चा. नियम पाळायचा तर तिथेच पाळायला हवा.

वर जाणं, खाली येणं आणि २०१८

मेजर ज्युनियर संघ दर चार-पाच वर्षांनी संपूर्ण बदलतो, कारण विशीनंतर खेळाडूला जावंच लागतं. २० वर्षांचे तीनच खेळाडू ठेवता येतात. नवे खेळाडू येतात ड्राफ्टमधून: ज्या वर्षी मुलगा १५ पूर्ण करतो त्या वर्षी संघ पाळीपाळीने मुलं निवडतात. १५ व्या वर्षी निवडलेला मुलगा १८–१९ ला कसा निघेल हे ओळखणं म्हणजे चार वर्षांनंतरच्या शरीराचा अंदाज बांधणं, आणि तो पुष्कळदा चुकतो. म्हणून छोट्या शहराला चांगला शोधपथकप्रमुख हा चांगल्या आक्रमकापेक्षा जास्त मोलाचा.

संघाची दोन-तीन वर्षांची पिढी एकाच वेळी १९ ला पोचली की व्यवस्थापक ठरवतो, हेच आपलं वर्ष. मग जानेवारीतल्या ट्रेडच्या शेवटच्या मुदतीआधी पुढची वर्षं गहाण टाकायची: तरुण खेळाडू आणि पुढच्या ड्राफ्टमधले हक्क द्यायचे, त्या बदल्यात तयार खेळाडू घ्यायचे. २०१७–१८ च्या मोसमात ब्रॉन्कोजनी नेमकं हेच केलं. लेथब्रिजकडून गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर आणि आक्रमक जिओर्जिओ एस्टेफन आणले; कॅल्गरीकडून मॅटेओ गेनारो आणि बेक मॅलेन्स्टिन. कर्णधार ग्लेन गॉडिन आधीपासून होताच. प्रशिक्षक मॅनी विवेरोस यांच्या या संघाने अंतिम फेरीत एव्हरेटच्या संघाला ४–२ असं हरवून २५ वर्षांनी डब्ल्यूएचएल जिंकली. स्किनर पुढे एनएचएलमधल्या एडमंटन ऑयलर्सचा गोलरक्षक झाला.

मेमोरियल कपमध्ये तिन्ही सामने हरले. सगळे अटीतटीचे होते, पण दमलेला संघ दमलेलाच असतो: बाद फेरीत ब्रॉन्कोजना सामन्यांमागून सामने खेळावे लागले होते, उलट यजमान रेजायना पहिल्याच फेरीत बाहेर पडून ताजा झाला होता. आणि पुढच्या मोसमात गहाण टाकलेल्याची वसुली झाली. मोठे खेळाडू वय संपून गेले, त्यांच्या जागी यायचे ते इतरांना दिलेले. संघ लीगच्या तळाला गेला. यात कुणाची चूक नव्हती. १९९३ नंतर २५ वर्षं वाट पाहिलेल्या गावाने हा सौदा डोळे उघडे ठेवून केला. खरी चूक होते ती तळाला असताना धीर सोडण्यात. घाईने मध्यम दर्जाचे वयस्क खेळाडू आणून सातवं-आठवं स्थान धरायचं ठरवलं, तर ना ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळतो, ना करंडक.

त्यात महासाथ आली. २०२१ च्या वसंतात सस्कॅचवान-मानिटोबाचे सगळे संघ रेजायनात एकत्र ठेवून प्रत्येकी २४ सामने खेळवले गेले, प्रेक्षकांविना. दाराशी तिकीट विकून जगणाऱ्या संघासाठी त्याचा अर्थ काय ते वर मांडलेल्या हिशेबावरून कळेल.

बर्फाखालचं काम

रिंक जुनी असली की बर्फ राखणं हे कौशल्याचं काम होतं. सिमेंटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं, त्यातून थंड केलेलं मिठाचं पाणी फिरतं. लादी गोठणबिंदूखाली गेली की पाण्याचे तुषार मारून कागदासारखे पातळ थर चढवतात, मग पांढरा रंग, मग रेषा आणि बोधचिन्हं, मग पुन्हा थर, एकूण तीनेक सेंटिमीटर होईपर्यंत. एकदम पाणी ओतलं तर बर्फात हवा अडकते आणि तो ठिसूळ होतो.

सामन्यासाठी पृष्ठभाग उणे ५–६ अंशांच्या आसपास कडक हवा. फिगर स्केटिंगला थोडा मऊ लागतो. छोट्या शहरात मुलांची हॉकी, स्केटिंग, संघाचा सराव बहुधा एकाच बर्फावर, त्यामुळे दिवसभर तापमानाची ओढाताण चालते. मध्यंतरात फिरणारं यंत्र ब्लेडने वरचा थर खरवडतं आणि मागे गरम पाणी पसरतं. गरम अशासाठी की ते खालचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, आणि त्यात विरघळलेली हवा कमी असते. कडेला खरवडण कमी झालं की तिथे बर्फ चढत जातो. जाड बर्फ म्हणजे नळ्यांचा गारवा वरपर्यंत पोचत नाही: विजेचं बिल वाढतं आणि वरचा थर मात्र मऊच राहतो. मग पक उड्या मारतो आणि पॉवर प्लेतले जमिनीलगतचे पास बिघडतात. म्हणून दर थोड्या दिवसांनी ठिकठिकाणी भोक पाडून जाडी मोजतात.

आता काय बदलतंय

छोट्या शहरांच्या संघांसमोरचा सध्याचा सर्वात मोठा बदल अमेरिकेच्या विद्यापीठांकडून आला आहे. आधी मेजर ज्युनियरमध्ये खेळलेला मुलगा अमेरिकी विद्यापीठांच्या एनसीएए स्पर्धेला अपात्र ठरायचा. १५–१६ व्या वर्षीच एक रस्ता कायमचा निवडावा लागे. नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयाने ही बंदी उठली आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दोन्ही रस्ते खुले झाले. स्विफ्ट करंटच्या शेजारच्या मेडिसिन हॅटच्या संघातला गॅव्हिन मॅकेना २०२४–२५ मध्ये फोर ब्रॉन्कोज ट्रॉफी जिंकून पुढच्या मोसमासाठी पेन स्टेट विद्यापीठात गेला.

याची एक बाजू छोट्या शहरांना सोयीची आहे. विद्यापीठाचा हक्क राखण्यासाठी जी मुलं पूर्वी ड्राफ्टमध्ये निवडूनही यायला नकार देत, ती आता १६–१७ व्या वर्षी येऊ शकतात. दुसरी बाजू जड आहे. ज्या १८–१९ वर्षांच्या खेळाडूंवर २०१८ सारखा मोसम उभा राहतो, नेमके तेच आता उन्हाळ्यात निघून जाऊ शकतात. संघाने चार वर्षं घडवलेला खेळाडू गेला तर ट्रेडमध्ये मिळणारा मोबदलाही मिळत नाही. जानेवारीत १८ वर्षांच्या खेळाडूसाठी पुढचे दोन ड्राफ्ट हक्क द्यावेत का, तो पुढच्या सप्टेंबरात इथे असेल का, हा प्रश्न आता प्रत्येक सौद्यात आधी विचारावा लागतो. गावाच्या मालकीच्या संघात त्याचं उत्तर वार्षिक सभेतही द्यावं लागतं.